दवाखान्याची फिल्म आणि आक्काचं गोंदण

दमून आले होते, हे आधीच सांगते. प्रवास म्हणाल तर केवढासा. चिकलठाण्याहून दौलताबाद, तिथून घरी, आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं वैजापूर. लोक काश्मीर, दुबई करून येतात आणि लिहितात. पण त्यांच्या खांद्यावर माझं लटांबर नव्हतं. लाकडी पेटीतला कॅमेरा, त्याचा लोखंडी स्टँड, काळी चादर, औषधाच्या बाटल्या, तीन प्लास्टिकचे ट्रे आणि एक लाल बल्ब. एवढं घेऊन बाई एसटीत चढली की कंडक्टर आधी तोंडाकडं बघतो, मग सामानाकडं, आणि मग पुन्हा तोंडाकडं.

हा कॅमेरा कसला, ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मोबाइलच्या जमान्यात कुणी बघितलाही नसेल. पुढं भिंग, मागं दुधी काच, मध्ये लोहाराच्या भात्यासारखा कातडी भाता. डोक्यावर काळं कापड घेऊन त्या काचेत बघायचं; समोरचं सगळं उलटं दिसतं, झाड खाली डोकं वर पाय. एकेक फोटोला पोस्टकार्डाएवढा फिल्मचा एकेक तुकडा. तो अंधारात चपट्या होल्डरमध्ये भरायचा, वरून सरकती पट्टी लावायची. फोटोच्या वेळी पट्टी काढायची, बटण दाबायचं, पट्टी परत. एका फोटोला एवढी उस्तवार.

मी आयुष्यभर एका दवाखान्यात एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत काम केलं. डेव्हलपर, फिक्सर, पाणी, आणि डोक्यावर लाल दिवा. लोकांच्या बरगड्या आणि मोडलेली हाडं धुऊन वाळत घालायची. मग कॉम्प्युटर आला, खोली बंद झाली, मीही रिटायर झाले. घरी बसल्यावर कळलं की हाताला अंधाराची सवय झालीय. मोबाइलवर व्हिडिओ बघताना दिसलं की परदेशातले हौशी लोक एक्स-रेची फिल्म कापून असल्या कॅमेऱ्यात वापरतात. स्वस्त पडते आणि लाल दिव्यात हाताळता येते. म्हटलं, अरे, हे तर माझंच काम! पुण्याच्या एका गृहस्थाकडून जुना कॅमेरा घेतला. त्यांनी त्यासोबत फोटोच्या खऱ्या फिल्मचे दोन तुकडे भेट म्हणून दिले. बाकी सगळं चुका करकरून शिकले. अजून शिकतेच आहे.

दौलताबाद

पहिल्या दिवशी सोबतीला नसीम आपा होत्या. दवाखान्यात त्या आयाबाई होत्या, आता माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात. स्टँड त्यांनी उचलला, आणि रिक्षातून उतरल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू.

"क्या रे बाई, इत्ता बोजा कायकू उठाई? मोबाइल में फटाक से आता ना फोटू."

"आपा, त्यात मजा नाही."

"हौ, मजा! घुटने में आरी मजा, देखो."

खोटं नव्हतं. माझेही गुडघे बोलत होते. किल्ल्याच्या दारात पहारेकऱ्यानं स्टँड बघितला आणि आत चालणार नाही म्हणाला. परवानगी लागते. आपा भांडायच्या तयारीत होत्या, मीच त्यांना ओढून आणलं. रस्त्याच्या कडेला पेरूवाल्या बायका बसल्या होत्या, त्यांच्या मागं एक मोकळं रान होतं. तिथून अख्खा डोंगर दिसतो, मधोमध तासलेला, जणू कुणी पाटवड्या कापल्यात. तिथंच मांडलं.

पेरूवाल्या बायका धंदा सोडून गोळा झाल्या. एकीनं चादरीत डोकं घालून बघितलं आणि ओरडलीच, "अगं बया! किल्ला पालथा घातला की गं हिनं!" मग प्रत्येकीला बघायचं. दाखवलं. पेरू मिळाले, तिखट-मीठ लावून. आपांनी डब्यातून अंडे-पराठे काढले. पोट भरलं, उन्हं चढली, आणि मी म्हटलं, आज खऱ्या फिल्मचे दोन तुकडे लावूनच टाकू. डोंगर पळून जाणार नाही, तरी माणसाला घाई असते बघा.

पहिल्याला भिंग बंद करायचं विसरले आणि पट्टी काढली. संपलं. सगळा उजेड आत. नव्यानं शिकणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं: आधी भिंग बंद, मग पट्टी. दुसरा तुकडा बरा निघाला, घरी धुतला तेव्हा डोंगर छान उमटला होता. पण डोंगराचे फोटो काय कमी आहेत? तो तुकडा तिथं खर्ची घातला याचं वाईट मला दुसऱ्या दिवशी वाटलं, वैजापूरला.

वैजापूर

तिथं माझी थोरली बहीण राहते, आक्का. तिचं काळीज दमलंय. डॉक्टर म्हणाले, या वयात कापाकापी नको, गोळ्या घ्या आणि जपा. मी तिला भेटायला चालले होते. कॅमेरा नेला तो तिनंच सांगितलं म्हणून. फोनवर म्हणाली होती, "तुझं ते डबडं घेऊन ये. माझं एक काम हाय."

एसटी कांद्याच्या गाड्यांमागं रांगत रांगत गेली. स्टँडवर उतरले तर सगळ्या गावाला कांद्याचा वास. आक्काचा मुलगा बाजार समितीत कांदा घेऊन गेला होता, घरात आक्का आणि सून मंगल, दोघीच. आमच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटांत शेजारीण यायची झाली तर आधी फोन करते. इथं मी हात-पाय धुवेपर्यंत गल्लीतल्या बाया येऊन पेटी उघडून बघून गेल्यासुद्धा. मंगलनं बाजरीची भाकरी, येसर आमटी आणि कांद्याची पात वाढली. मी अधाशासारखी जेवले. आक्का समोर भिंतीला टेकून बसली होती. किती लहान झाली होती! पदरात मावेल एवढी.

जेवण झाल्यावर तिनं भिंतीकडं बोट केलं. भाऊजींचा फोटो, वर प्लास्टिकचा हार. भाऊजी गेले तेव्हा त्यांचा धड फोटोच नव्हता. स्टुडिओवाल्यानं मतदान कार्डावरून मोठा केला आणि अंगात कोट, टाय घालून दिला, निळ्या पडद्यासमोर. जन्मात ज्यानं धोतर आणि बंडीशिवाय काही घातलं नाही, त्या माणसाला.

"बघ," आक्का म्हणाली, "नातवंडं पाया पडत्यात. कुणाच्या पडत्यात, त्यांनाबी ठाव नाय. दिसतोय जसा बँकेचा मॅनेजर."

मंगल हसली. "आई, भारी दिसतात की मामंजी."

"दिसू दे. पण मला असलं नको. मी हाय तवरच फोटो काढायचा, मी बघायचा, मला पसंत पडला तर ठिवायचा. म्हणून तुला बोलावली, शाले."

मला कळलं होतंच, पण ऐकायचं नव्हतं. म्हटलं, "मी हाराचा फोटो काढायला नाही आले, आक्का. शिकतीय मी. झाडं-बिडं काढते."

"मग मला झाड समज. लई दिवसांचं हाय, वाळाया लागलंय."

मी इतकी थकले होते की रडूही येईना.

ओसरीत मांडलं. उजेड चांगला होता, उन्हाचा कवडसा नव्हता. आक्का इस्त्रीचं पातळ नेसून, पदर डोक्यावर घेऊन खुर्चीत बसली. मी काळ्या चादरीत शिरले तर बाहेरून आवाज आला, "मंगल, बघ गं, डालग्याखाली कोंबडी झाकल्यावानी दिसती मावशी तुझी."

"हलू नको आक्का. मी 'एक' म्हणेन, ते संपेपर्यंत श्वाससुद्धा जपून."

"हसू का?"

"तुझ्या मनावर."

"फोटोत हसत्यात व्हय कुठं? दात काढायला काय लगीन हाय?"

नाही हसली. छान बसली, ताठ. मी पाठ केलेलं मोठ्यानं म्हणत गेले: भिंग बंद, होल्डर आत, पट्टी बाहेर, एक. पट्टी परत. या वेळी काही विसरले नाही.

मंगलच्या न्हाणीला गोधडी लावून अंधार केला, लाल बल्ब लावला, ट्रे मांडले. एक्स-रेची फिल्म लाल उजेडाला घाबरत नाही, म्हणून मंगललाही आत घेतलं. औषधात तुकडा हलवता हलवता हळूहळू चेहरा यायला लागला, उलटा, काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा. मंगल कुजबुजली, "मावशी, अंगावर काटा आला बघा." मला मात्र तो फिक्सरचा वास आला आणि जुनी सगळी वर्षं पाठीवर येऊन बसली. त्या वासात मी किती माणसांची दुखणी धुतली. आता हे.

वाळल्यावर मोबाइलनं त्या तुकड्याचा फोटो काढून त्यातले रंग उलटे केले, म्हणजे सरळ दिसतं. खरंच सुंदर आला होता. एकेक सुरकुती, कानातली बुगडी, पातळाचा काठ. मंगल नाचायची बाकी. आक्कानं चष्मा लावला. बघितलं. मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"ही कोण?"

"तूच की गं."

"माझं गोंदण कुठाय?"

मी मोबाइल घेऊन बघितलं. आक्काच्या कपाळावर चंद्रकोर आहे, तिच्या वर चांदणी, आणि हनुवटीवर एक ठिपका. लहानपणापासून. तिचा चेहरा आठवायचा म्हटलं की मला आधी ते गोंदण आठवतं. फोटोत कपाळ कोरं. हनुवटी कोरी. जणू कुणी पुसून घेतलं.

चूक माझी नव्हती, म्हटलं तर होतीही. ही एक्स-रेची फिल्म निळा उजेडच तेवढा ओळखते. निळसर रंग तिला उजळ लागतो, आणि आपली सावळी कातडी ती आणखी गडद करते. गोंदण जुनं झालं की हिरवट-निळं होतं. मग ते कातडीत मिसळूनच गेलं. खरी फिल्म असती तर दिसलं असतं. ती मी दौलताबादला डोंगरावर उडवून आले होते. मी आजवर झाडं काढली, पाण्याची टाकी काढली, नसीम आपांना काढलं. त्यांचं कपाळ कोरंच. मला हे कळणार कुठून?

हे सगळं समजावून सांगितलं. आक्कानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दवाखान्याची फिल्म ना ही? तिला आतली हाडं दिसत्यात, आन कपाळावरचं दिसंना व्हय?"

मंगल म्हणाली, "आई, त्यात काय एवढं? स्टुडिओत कॉम्प्युटरवर काढून देतील गोंदण. हुबेहूब."

"जसा ह्यास्नी कोट घातला, तसं मला गोंदण घालणार?"

आक्कानं मोबाइल खाली ठेवला. "सोनं हितंच ऱ्हातं, पातळं हितंच ऱ्हात्यात. बाईसंगं जातं ते गोंदण तेवढं. आन भिंतीवर तेच नाय. राहू दे, शाले. फाड ते."

रात्री ती दोन घास जेवली आणि कुशीवर वळली. मीही पडले. मनात म्हटलं, सकाळच्या पहिल्या गाडीनं जावं. हौस पुरे झाली. या वयात कुणी असलं खूळ घेतं का? लोक देवळात जातात, बागेत फिरतात, आणि मी बहिणीचं कपाळ पुसून बसले.

वैजापूर, दुसरा दिवस

सकाळी मी पिशवी भरत होते. आक्का अंघोळ करून आली आणि मंगलला म्हणाली, "तुझी काजळाची डबी आण."

"काजळ? तुम्हाला? आता?"

"व्हय. तुझ्या सासऱ्याला भेटाया चालले, नटून नको जायला?"

मंगल डबी घेऊन आली, हसावं की नको अशा तोंडानं. आक्का माझ्यासमोर येऊन बसली, पाय पसरून, तोंड वर करून. "शाले, तुझ्या फिल्मला काळं दिसतं ना?"

"दिसतं."

"मग गोंद."

खरंच की! काजळ काळंच येणार. एवढं शिकलेली मी, रात्रभर तळमळले आणि हे सुचलं नाही. काडेपेटीतली काडी घेतली, टोक काजळात बुडवलं आणि आक्काचं कपाळ डाव्या हातानं धरलं. तिच्या तोंडाला मिश्रीचा वास होता. मी तिला एवढ्या जवळून कधी बघितलं होतं? दवाखान्यात परक्या माणसांची हाडंसुद्धा उजेडाला धरून निरखून बघायचे, आणि सख्ख्या बहिणीचं कपाळ नाही.

चंद्रकोर सापडेना. कातडी सैल झाली, सुरकुत्या पडल्या, जुनी रेघ पसरून फुटली होती. मी कपाळ ताणलं की दिसायची, सोडलं की हरवायची. आक्का डोळे मिटून सांगत होती.

"डावीकडं जरा खाली घे. कोर वाकडी हाय माझी."

"वाकडी कशी?"

"मी रडून हिसडा दिला ना. आईनं मांडीत धरलं हुतं, गोंदणारी गाणं म्हणत हुती. तिचा हात हालला. आई म्हणली, आता हितं नवी काढू नका, हीच तिची." मग एक डोळा किलकिला करून, "तुझ्या वक्ताला बाबांनी गोंदणारीला दारातनंच वाटंला लावली. तू साळंत जाणार व्हतीस. तू काय रडली न्हाईस बघ."

काजळ भुवईवर लागलं. मी पदरानं पुसलं.

"अगं, ती गोंदणारी बरी व्हती तुझ्यापरीस!"

"मग तिलाच बोलाव."

"मेली असंल ती."

दोघीही हसायला लागलो. हसता हसता तिला दम लागला, मंगल पाणी घेऊन धावली. मी काडी धरून थांबले. मग चांदणी काढली, हनुवटीचा ठिपका काढला. मंगलनं आरसा धरला. आक्का आरशात खूप वेळ बघत राहिली. काजळानं गोंदण पहिल्यासारखं काळंभोर झालं होतं, आणि त्याच्या खालचा चेहरा मात्र पंच्याहत्तरीचा.

होल्डरमध्ये एकच तुकडा शिल्लक होता. घरून कापून आणलेले बाकीचे भरताना ओरखडले होते. या फिल्मला दोन्ही बाजूंनी लेप असतो, नख लागलं तरी रेघ पडते. एकच. काळ्या कापडाखाली गेले, दुधी काचेवर आक्का उलटी दिसली, कपाळ खाली. काचेवर हातातलं छोटं भिंग टेकवून वाकडी कोर शोधली, ती धारदार होईपर्यंत भाता मागं-पुढं केला. मग बाहेर आले. भिंग बंद. होल्डर आत. पट्टी बाहेर.

"एक," मी म्हटलं. ते 'एक' जरा लांबलं. आक्का हलली नाही. मला वाटलं, ती श्वासच घेत नाहीये, आणि मी घाबरून "झालं, झालं!" म्हणून ओरडले.

"मग वरडती कशाला? म्या काय मेले?"

न्हाणीत या वेळी आक्काही आली, स्टुलावर बसून. लाल उजेडात औषधाच्या ट्रेमध्ये आधी कपाळ आलं, आणि त्यावर पांढरी कोर. उलट्यात पांढरी दिसते, सरळ केलं की काळी. वाकडी होती, डावीकडं जरा खाली. मोबाइलवर सरळ करून दाखवलं, तशी आक्कानं मान हलवली.

"हां. ही मी."

एवढंच म्हणाली. पसंत पडल्यावर बाजारात मापाचं कापड बाजूला ठेवतात, तसा मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आता तू बस."

"कुठं?"

"खुर्चीत. मंगल बटण दाबंल. तुझं तर गोंदणबी नाय, पोरगं तिकडं पुण्याला. तुझा कोण काढणार? तुलाबी कोट घालतील."

"फिल्म संपली, आक्का."

"संपली?"

"शेवटचा तुकडा तुझाच होता."

"मग फिल्म घेऊन परत ये. तुझा काढल्याबिगर मी कुठं जात नाय."

परत

एसटीत बसायला जागा मिळाली, तेवढं नशीब. घरी येऊन चार दिवस पाठ धरली होती. मग त्या तुकड्यावरून कागदावर छाप काढला, पोस्टकार्डाएवढाच येतो तो, आणि गेल्या रविवारी आक्काला देऊन आले. कॅमेरा नेला नाही. तिनं छाप भिंतीवर लावू दिला नाही, पेटीत पातळांच्या घडीत ठेवला. गोळ्या वेळेवर घेते म्हणाली. दोन भाकऱ्या खाल्ल्या माझ्यासमोर.

निघताना उंबऱ्यापर्यंत आली, भिंत धरून. "फिल्म मिळाली का गं?"

"नाही मिळाली अजून."

"ये मग मिळाल्यावर. मी हाय."

एक्स-रेच्या फिल्मचा अख्खा डबा माझ्या कपाटात आहे. नसीम आपांना ठाऊक आहे. त्या परवा विचारत होत्या, "फिर झूट कायकू बोलती?"

मी म्हटलं, "आपा, चहा घ्या."